लोवेल ट्रिंबलची फळी

लोवेल ट्रिंबल माझ्या शेजारी तीन वर्षं राहत होता, आणि त्या तीन वर्षांत मी त्याला उजेडात फार तर वीसेक वेळा पाहिला असेन. ऑगस्ट ते नोव्हेंबर तो पहाटे पाचला निघायचा आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपल्यावर परतायचा. डिसेंबर-जानेवारीत तो गाडीने गावोगाव हिंडून पुढच्या वर्षीच्या संघासाठी जाडजूड पोरांच्या आईवडिलांना भेटायचा. वसंतात पुन्हा सराव, जून-जुलैत शाळकरी पोरांची शिबिरं. उरला मे महिना. आमच्या कॅन्ससात फुटबॉलच्या, म्हणजे हाताने खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या, प्रशिक्षकांची लग्नं मे महिन्यात होतात, कारण बाकीच्या महिन्यांत नवरा मिळत नाही. लोवेलचंही तेव्हाच झालं होतं.

तो हार्लोच्या आमच्या कॉलेजात फळीचा प्रशिक्षक होता. फळी म्हणजे समोरचे पाच जण, प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपास. चेंडू हातात घेऊन पळण्याची त्यांना परवानगी नाही. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला कुणी लोळवू नये म्हणून स्वतः लोळायचं, एवढंच त्यांचं काम. संघ जिंकला की पळणाऱ्याचा फोटो छापून येतो, हरला की फळी कमी पडली असं छापून येतं. लोवेल स्वतः तरुणपणी या फळीच्या मधोमध खेळला होता. चार वर्षं तो दोन पायांच्या मधून चेंडू मागे देत होता, त्यामुळे कॉलेजच्या संग्रहात त्याचे जेवढे फोटो आहेत त्यांत चेहरा कुठेच नाही.

त्याचे वडील आयोवातल्या एका खेड्यात धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायला होते. मुलाने शिकून एका जागी बसावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा शिकला, आणि पुढच्या सव्वीस वर्षांत त्याने नऊ गावं बदलली.

या धंद्याची उतरंड अशी. पहिली दोन वर्षं तुम्ही कागदोपत्री विद्यार्थी असता. लोवेल क्रीडा व्यवस्थापनात एम.ए. करत होता म्हणे. प्रत्यक्षात तो पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर रंगीत पेनांनी पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली काढायचा. दिवसाला ऐंशी पत्ते. सरावात ते उंच धरायचे, म्हणजे राखीव पोरं प्रतिस्पर्ध्यासारखी पळतात. शिवाय मुख्य प्रशिक्षकाची मुलं शाळेतून आणायची. दुसऱ्या वर्षी मुख्य प्रशिक्षकाला काढलं आणि लोवेललाही, कारण मुख्य माणूस गेला की त्याच्या हाताखालचे सगळे जातात. तो नियम कुठे लिहिलेला नाही आणि मोडलेलाही कुणी पाहिलेला नाही. मग नेब्रास्कात एका छोट्या कॉलेजात फळी, व्यायामशाळा आणि गणवेश धुणं अशी तीन खाती मिळाली. मग आणखी तीन गावं, आणखी तीन मुख्य प्रशिक्षक, सगळे यथावकाश काढले गेलेले. शेवटी साउथ डकोटात त्याला बक ओस्टरमन भेटला, आणि ओस्टरमनला कुणी काढेना. त्याला वरचे लोक बोलवायचे. तो चढत गेला, आणि दर चढणीला त्याचा फोन यायचा, "लोवेल, सामान बांध." चौदा वर्षांत चार गावं. लोवेलने कधी अर्ज केला नाही, कधी मुलाखत दिली नाही.

त्याची बायको डॅरलीन दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करायची. दात सगळ्या राज्यांत सारखेच असतात, पण परवाना दर राज्याचा वेगळा. तिच्याकडे सहा राज्यांचे परवाने होते आणि सहा परीक्षांचा वैताग होता. "याच्यापेक्षा मी जास्त शिकले," ती म्हणायची, "आणि मला कुणी टाळ्या वाजवत नाही." मुलगी केंड्रा सतरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. संघ जिंको वा हरो, बँड वाजतोच, त्यामुळे घरात त्या एकटीचं चित्त स्थिर होतं. शाळेचं शेवटचं दीड वर्ष उरलं होतं. ही तिची सहावी शाळा, आणि सातवी नको एवढंच तिचं मागणं होतं.

त्या डिसेंबरात एका शुक्रवारी बातमी फुटली की ओस्टरमनला दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाने उचललं. मोठ्या म्हणजे किती, तर त्यांच्या मैदानात आमचं अख्खं गाव सात वेळा बसेल. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. आमच्याकडे त्या दुपारी पुस्तक परत करायला आलेला माणूससुद्धा हळू आवाजात बोलत होता.

अशा वेळी एक रीत असते. जे मुख्य प्रशिक्षकाबरोबर जाणार ते दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात पाऊल टाकत नाहीत. जे राहू पाहतात ते मुद्दाम कोट घालून येतात, पोरांना फोन करत बसतात आणि नव्या माणसाच्या नजरेस पडायचा प्रयत्न करतात. कोण कुठल्या बाजूला हे दारापुढच्या गाड्यांवरून कळतं. आणि बोलावण्याचा फोन येईपर्यंत कुणी काही कबूल करत नाही. तसा शहाणपणाचा भाग हाच आहे.

लोवेल शनिवारी सकाळी कॉलेजात गेला, ते खोली रिकामी करायला. दारावरची नावाची पट्टी त्याने स्वतः स्क्रू काढून उतरवली. किल्ली द्यायला तो व्हर्नाकडे गेला. व्हर्ना त्या कार्यालयात बत्तीस वर्षं आहे आणि तिने सात मुख्य प्रशिक्षक घालवलेत.

"फोन आला का, कोच?" व्हर्नाने विचारलं.

"येईल."

"मग आल्यावर दे की किल्ली. ती काय खायला मागते?"

"अगं, चौदा वर्षं येतोय. येणारच."

"किल्लीबरोबर कागदावर सही करावी लागते," व्हर्ना म्हणाली. "त्यात लिहिलंय, स्वखुशीने सोडतोय."

"खुशीनेच सोडतोय ना," लोवेल म्हणाला आणि त्याने सही केली. तारीखही घातली. व्हर्नाने तो कागद खणात ठेवला, वर पाठवला नाही, पण ते तिने त्याला सांगितलं नाही. बत्तीस वर्षांत तिने लोकांना काही सांगण्याचं सोडून दिलं होतं.

दुपारी डॅरलीनने कॉलेजच्या जांभळ्या शर्टांचं खोकं आमच्या पायरीवर आणून ठेवलं. नव्या कॉलेजात जुना रंग चालत नाही, तिथे जांभळा अंगावर दिसला तर लोक चहाडी करतात. म्हणून प्रशिक्षक गेले की गावात शर्ट वाटले जातात. आमचा नळदुरुस्तीवाला गेली अकरा वर्षं एका काढून टाकलेल्या बचाव-प्रशिक्षकाचं नाव छातीवर घेऊन फिरतोय.

"निघालात?" मी विचारलं.

"लोवेल निघालाय," डॅरलीन म्हणाली. "मला आणि केंड्राला अजून विचारलेलंसुद्धा नाही कुणी."

शनिवारी संध्याकाळी ओस्टरमनचा पहिला फोन गेला, तो चेंडू फेकणाऱ्यांच्या प्रशिक्षकाला. रविवारी बचावाच्या प्रशिक्षकाला. या बातम्या बायकाबायकांतून येतात, वर्तमानपत्राच्या एक दिवस आधी. डॅरलीन स्वयंपाकघरात फोनवर "हो का, वा वा, छान झालं" म्हणायची आणि लोवेल बाहेरच्या खोलीत उभा राहून ते "छान" मोजायचा. सोमवारी सकाळी वजनं उचलून घेणाऱ्याला फोन गेला. सोमवारी दुपारी सामन्यांची चित्रफीत काढणाऱ्या पोराला गेला. तो ओस्टरमनकडे जेमतेम एक वर्ष होता आणि त्याने दोन सामन्यांत झाकण काढायला विसरून काळोख टिपला होता.

लोवेलला बसवेना. त्याने गॅरेजचं दार दुरुस्त केलं, ते बिघडलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातली कपाटं उतरवून पुन्हा चढवली, यावेळी थोडी तिरपी. गोठलेल्या जमिनीवरून पानं ओढली. मग कुंपणाशी येऊन मला म्हणाला, "जरा मला फोन कर बरं. चालू आहे का बघतो."

मी माझ्या फोनवरून त्याचा नंबर लावला. तो माझ्यासमोर चार हातांवर उभा होता. फोन वाजला. त्याने पाठ वळवली, घसा खाकरला आणि म्हणाला, "हॅलो, कोच?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. आणि वळला, तेव्हा कान लाल झाले होते. थंडीही होती म्हणा.

केंड्रा तेव्हा शाळेतून आली. तिने ट्रम्पेटची पेटी पायरीवर ठेवली आणि बापाकडे नीट पाहिलं.

"डॅड, आपण चाललोय का राहतोय? बाईंना यादी द्यायची आहे, पुढच्या वर्षी कोण कोण वाजवणार."

"फोन येऊ दे, बाळा."

"आणि नाही आला तर?"

"आला नाही असं झालेलं नाही."

"म्हणजे मी 'कदाचित' लिहू?"

"लिही."

"मागच्या शाळेतही मी 'कदाचित' होते," केंड्रा म्हणाली आणि आत गेली.

मंगळवारी सकाळी दहाला फोन आला. हे पुढचं मला लोवेलने स्वतः सांगितलं. सांगताना तो कुंपणाची एक फळी हलवून बघत होता आणि ती निघालीसुद्धा.

ओस्टरमनने आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. चौदा वर्षांत त्याने त्या कधी मारल्या नव्हत्या, तेव्हाच लोवेलला कळायला हवं होतं. मग तो म्हणाला, "लोवेल, फळीसाठी इथल्या लोकांना त्यांचाच माणूस हवाय. माझं फार चाललं नाही. पण तुझ्यासाठी एक जागा काढलीय. विश्लेषक. ऑफिसात बसायचं, चित्रफिती बघायच्या, टिपणं काढायची. तिथल्यापेक्षा दीडपट पगार."

"आणि मैदानावर?"

"मैदानावर उतरायचं नाही. नियमच आहे, दहाच जणांना परवानगी. सराव बघ हवं तर. पोरांना सांगायचं मात्र काही नाही."

"काहीच नाही?"

"अरे, नमस्कार-चमत्कार करायला कोण अडवतंय. पाय कुठे ठेव, हात कुठे घाल, हे नाही."

सव्वीस वर्षं लोवेलने पोरांना पाय कुठे ठेव आणि हात कुठे घाल याखेरीज दुसरं काहीही सांगितलं नव्हतं. ज्या मैदानाची स्वप्नं तो पत्ते रंगवत होता तेव्हापासून पाहत आला, त्याच्या कडेला त्याला तोंड मिटून उभं राहायला बोलावलं होतं.

"मी उद्या सांगतो, कोच," तो म्हणाला.

मग ओस्टरमन म्हणाला, "लोवेल, चौदा वर्षांत तू मला 'उद्या' कधी म्हणाला नाहीस."

"हो," लोवेल म्हणाला. "मलाही विचित्र वाटलं."

आता अडचण अशी होती की इथली फळीही त्याच्याकडे राहिली नव्हती. ती त्याने स्वखुशीने, तारखेसह सोडली होती. डॅरलीनला हे तेव्हा कळलं.

"सही केलीस?" ती म्हणाली. "फोन यायच्या आधी?"

"नेहमी येतो म्हणून..."

"मी सहा वेळा परीक्षा दिली, लोवेल. निकाल लागायच्या आधी मी एकदाही ॲप्रन शिवून घेतला नाही." मग ती म्हणाली, "तुला काय हवंय? मला आणि केंड्राला काय हवंय ते बाजूला ठेव, ते तुला माहीत आहे."

"पाच पोरं हवीयत," लोवेल म्हणाला. "माझी अशी. कुठलीही."

"मग जाऊन माग."

"मागितलं नाही गं कधी."

"मग आज शिक. मी तिसऱ्या राज्यात शिकले."

नवा मुख्य प्रशिक्षक त्याच दिवशी आला होता. कोल्बी रीस, वय चौतीस. बारा वर्षांपूर्वी मिसूरीत हाच कोल्बी ओस्टरमनकडे विद्यार्थी म्हणून होता आणि लोवेलसाठी पत्ते रंगवायचा. त्याचे हिरवे आणि निळे सारखेच दिसतात म्हणून लोवेलने त्याला एकदा सगळे ऐंशी पुन्हा काढायला लावले होते. नवा माणूस जुन्यांना पंधरा-पंधरा मिनिटं भेटतो, हीसुद्धा रीत. सगळे जण उठतात, हात मिळवतात आणि बाहेर जाऊन खोकी मागतात. लोवेल तर त्या यादीतही नव्हता. व्हर्नाने त्याला बुधवारी साडेअकराला दोन भेटींच्या मधे घुसवलं.

दार पुरतं लागत नाही. त्यामुळे त्या खोलीत काय झालं ते व्हर्नाला माहीत आहे, आणि व्हर्नाला माहीत आहे म्हणजे ग्रंथालयाला माहीत आहे.

"बसा ना, कोच," कोल्बी म्हणाला. "मला वाटलं तुम्ही बकबरोबर गेलात. खोली तर रिकामी दिसली."

"मलाही वाटलं."

"मग?"

"फळी मिळत नाहीये तिथे. इथली दे." जन्मात पहिल्यांदा मागताना त्याने ते मीठ मागावं तसं मागितलं.

कोल्बीने खुर्ची मागे रेटली. "खरं सांगू? मी एकाला मनात धरलंय. माझ्या वयाचा आहे. तुमच्याबद्दल मला दोन शंका आहेत. एक, तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा माझं चुकलं की तुम्हाला पहिल्यांदा कळणार."

"कोल्बी, सव्वीस वर्षांत मी कुठल्याही मुख्य प्रशिक्षकाला तुझं चुकलं असं म्हटलेलं नाही."

"ती माझी दुसरी शंका," कोल्बी म्हणाला.

मग त्याने भिंतीवर हंगामातला शेवटचा सामना लावला. फळीतला डावीकडून दुसरा मुलगा दर वेळी मागे ढकलला जात होता. "याला मी काढतोय," कोल्बी म्हणाला. "उशीर करतो. त्याच्या आईला कालच कळवणार होतो, वेळ झाला नाही."

लोवेल बघत राहिला. व्हर्ना सांगते की तो इतका वेळ गप्प होता की तिला वाटलं, दुसऱ्या दाराने गेला. त्या खोलीला दुसरं दार नाही. इथे मान डोलावली असती तर ती सोपी गोष्ट होती. मान डोलावण्यावर त्याची नऊ गावं निघाली होती.

"चूक होईल," लोवेल म्हणाला.

"काय?"

"त्याला काढलंस तर चूक होईल. उशीर तो नाही करत, त्याच्या डावीकडचा करतो. हा त्याच्यासाठी थांबतो. पुन्हा लाव. डोकं बघू नकोस, पाय बघ. डोकं सगळेच बघतात."

कोल्बीने पुन्हा लावलं. मग पुन्हा. पंधरा मिनिटं कधीच संपली होती आणि बाहेर पुढचा माणूस कोट घालून घामाघूम बसला होता. लोवेल उठून भिंतीपाशी गेला होता आणि त्या मुलाच्या बुटांवर बोट ठेवून बोलत होता, जणू मुलगा तिथेच होता आणि ऐकत होता.

"एक वर्षाचा करार," कोल्बी शेवटी म्हणाला. "पुढचं पुढे. आणि पत्ते रंगवायला या वर्षी पोरगा मिळालेला नाही."

"मी रंगवीन."

"हिरवा आणि निळा नीट ओळखू यायला हवा, कोच."

व्हर्नाने खणातला कागद काढून दोन तुकडे केले आणि किल्ली टेबलावर सरकवली. लोवेलने दुपारी घरी येऊन ओस्टरमनला फोन लावला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच इकडून तिकडे.

"कोच, मी इथेच थांबतोय."

"कोणाकडे? त्या कोल्बीकडे? तो आपल्याकडे पत्ते रंगवायचा."

"हो. आता मी रंगवणार."

ओस्टरमन हसला नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "डॅरलीनला नमस्कार सांग." फोन चाळीस सेकंदांत संपला. या धंद्यात माणूस एकदाच नाही म्हणू शकतो. ओस्टरमनचा फोन पुन्हा येणार नव्हता, आणि पुढच्या डिसेंबरात कोल्बीने करार वाढवला नाही तर कुणाचाच येणार नव्हता. हे लोवेलला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो फोन हातात धरून अंगणात आला, खिशात घातला, काढला, पुन्हा घातला.

मी दारापुढचं बर्फ काढत होतो. आदल्या रात्री घोट्याएवढं पडलं होतं.

"थांबतोय," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"वर्षभर तरी." मग त्याने माझ्या हातातलं फावडं घेतलं. मागितलं नाही. आजच्यापुरतं त्याचं मागून झालं असावं. "दे इकडे. तुझे पाय चुकतायत."

माझ्या दारापुढचं झालं, मग त्याचं स्वतःचं, मग पलीकडच्यांचं. ते फ्लॉरिडाला गेले होते आणि मार्चपर्यंत येणार नव्हते. मग समोरची बाजू. दीडशे किलोच्या पोरांना हलवायची सवय असलेल्या माणसाला बर्फ म्हणजे काहीच नव्हतं. तासाभरात तो कोपऱ्यापर्यंत पोहोचला. तिथे मिसेस ओल्सन राहतात, एक्क्याऐंशीच्या. त्यांनी दार फटीएवढं उघडलं.

"मी बोलावलं नव्हतं कुणाला," त्या म्हणाल्या.

"असंच काढतोय, बाई. मी इथेच राहतो."

"कुठे?"

त्याने फावड्याने दाखवलं.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

मिसेस ओल्सननी चष्मा वर करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"छे," त्या म्हणाल्या. "पाहिल्यासारखं वाटत नाही." आणि दार लावून घेतलं. लोवेल त्यांच्या पायरीवरचं उरलेलं बर्फ काढायला वाकला.